खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे आणि शॉकवेव्ह थेरपी

केळझरच्या टेकडीवर गणपतीच्या दर्शनाला जाताना चढ लागला की खुब्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशी-साठीच्या महिलांमध्ये ही तक्रार जास्त आढळते. अशा दुखण्याला सरसकट ‘खुब्याचा बर्सायटिस’ म्हटले जाते.

दुखते काय?
मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा बाहेरून हाताला लागतो. त्यावर बर्सा नावाची, घर्षण कमी करणारी पातळ पिशवी असते. तिला सूज येऊ शकते; पण बहुतेक रुग्णांमध्ये मूळ दोष शेजारच्या नितंबाच्या स्नायूंच्या कंडऱ्यांमध्ये (टेंडनमध्ये) असतो.

आधी काय करावे?
पायावर पाय टाकून बसणे, मूल कडेवर घेऊन एका पायावर भार देऊन उभे राहणे आणि दुखऱ्या कुशीवर झोपणे टाळा. दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या आणि किमान ८ ते १२ आठवडे नियमित करा.

शॉकवेव्ह म्हणजे काय?
हा विजेचा शॉक नाही. यंत्रातून दाबाच्या लहरी दुखऱ्या जागी सोडल्या जातात. १९८० मध्ये म्युनिकमध्ये अशाच, पण अधिक तीव्र लहरींनी मूतखडे फोडण्यास सुरुवात झाली. खुब्यासाठी साधारणपणे आठवड्यातून एकदा, अशी तीन सत्रे देतात. भूल लागत नाही. उपचारावेळी दुखते; नंतर काही दिवस लाली किंवा ठणका राहू शकतो.

गुण किती येतो?
२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२९ रुग्णांच्या अभ्यासात तीन उपचारांची तुलना झाली. बरे वाटलेल्यांचे प्रमाण असे होते:

- १ महिन्याने: स्टेरॉइड इंजेक्शन ७५ टक्के, शॉकवेव्ह १३, घरचा व्यायाम ७.
- ४ महिन्यांनी: शॉकवेव्ह ६८, इंजेक्शन ५१, व्यायाम ४१.
- १५ महिन्यांनी: व्यायाम ८०, शॉकवेव्ह ७४, इंजेक्शन ४८.

म्हणजे इंजेक्शनचा आराम लवकर मिळतो, पण अनेकांत टिकत नाही. शॉकवेव्हला वेळ लागतो, आणि चिकाटीने केलेला व्यायाम शेवटी तिच्या बरोबरीला येतो. म्हणून काही महिने व्यायाम करूनही दुखणे हटत नसेल, तर शॉकवेव्हचा विचार करावा. व्यायाम मात्र सोडू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०११ मध्ये या उपचाराचे पुरावे मर्यादित असल्याचे नमूद केले होते.

कोणी घेऊ नये?
गर्भवती महिला, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, आणि त्या जागी जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची गाठ असलेले रुग्ण. पेसमेकर असल्यास किंवा नुकतेच स्टेरॉइड इंजेक्शन घेतले असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

हे दुखणे वेगळे असू शकते
दुखणे जांघेत असेल तर खुब्याचा सांधाच बिघडलेला असू शकतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकते. अशा रुग्णांनी शॉकवेव्हच्या आधी एक्स-रे आणि गरजेनुसार एमआरआय करून घ्यावा. ताप, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे किंवा पायातली ताकद जाणे, यांपैकी काही असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

केळझर परिसरातील रुग्णांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळचे आहे. शॉकवेव्हचे यंत्र आहे का आणि तीन सत्रांचा एकूण खर्च किती, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.