तीस्ता-३ : हातात असलेले तीन तास

२०१३ : उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटर उंचीवर असलेल्या दक्षिण ल्होनाक सरोवराविषयी राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध होतो. हिमनदी वितळत मागे हटते आहे आणि तिने सोडलेल्या जागेत पाणी साठते आहे. ते अडवणारा बांध म्हणजे हिमनदीनेच ढकलून आणलेला दगडमातीचा ढिगारा. सरोवर फुटण्याची शक्यता शास्त्रज्ञ ४२ टक्के मांडतात.

२०१६ : लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांच्या मदतीने राज्य सरकार सरोवरात प्लॅस्टिकचे पाइप टाकून सायफनने पाणी उतरवते. त्या थंडीत आणि त्या उंचीवर हे काम करणाऱ्यांविषयी आदरच वाटतो. पण वितळणे थांबलेले नसते.

फेब्रुवारी २०१७ : सरोवराच्या खाली साठ-पासष्ट किलोमीटरवर, लाचेन आणि लाचुंग नद्यांच्या संगमाशी, चुंगथांगला १,२०० मेगावॅटचा तीस्ता-३ प्रकल्प सुरू होतो. धरण ६० मीटर उंच, दगडी भरावाचे, पाण्याच्या बाजूला काँक्रीटचा पडदा. सांडव्याची क्षमता सेकंदाला ७,००० घनमीटर. या आकड्यात पावसाचा मोठ्यात मोठा पूर धरलेला आहे, डोक्यावरचे सरोवर धरलेले नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ मला इथे दिसते. नदीचा स्वभाव बदलत असताना धरणाचे गणित जुन्याच नदीवर मांडलेले होते.

सप्टेंबर २०२३ : सरोवरावर कॅमेरा आणि स्वयंचलित हवामान केंद्र बसते. ही देखरेखीची पहिली पायरी. सरोवर फुटताच खोऱ्यात आपोआप भोंगे वाजवणारी यंत्रणा अजून व्हायची आहे.

२८ सप्टेंबर : उपग्रहाच्या मोजणीत सरोवराचा विस्तार १६७.४ हेक्टर.

३ ऑक्टोबर, रात्री १०:१२ : सरोवराच्या कडेचा गोठलेला उतार सुटतो. सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर दगडमाती आणि बर्फ पाण्यात कोसळतो. भूकंपमापकांवर उमटलेल्या खुणेमुळे ही वेळ नंतर सेकंदापर्यंत निश्चित करता आली. जवळपास २० मीटर उंचीची लाट समोरच्या टोकाला आदळते, बांध फुटतो आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी मोकळे होते.

रात्री ११ च्या आसपास : वरच्या भागातल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून धरणावर निरोप येतो. खोऱ्यातली इशारा यंत्रणा म्हणजे एवढीच : जागा असलेला माणूस आणि लागलेला फोन. धरणावरचे कर्मचारी दरवाजे उघडायला धावतात.

मध्यरात्रीच्या सुमारास : दरवाजे उघडण्याआधीच पाणी येते. वाटेत काठ खरवडून घेतल्यामुळे त्यात गाळ, शिळा, झाडे, सगळे असते. ते माथ्यावरून पलीकडे उतरते. भरावाच्या धरणाला हे सोसत नाही. पाण्याकडच्या बाजूला पडदा असला तरी मागचा उतार नुसता रचलेल्या दगडांचा. वरून वाहणारे पाणी तो खालून खात जाते. पानशेत धरणफुटीमुळे हे पुण्याला १९६१ पासून ठाऊक आहे. काही मिनिटांत तीस्ता-३ वाहून जाते आणि जलाशयातले पाणीही पुरात मिसळते. दरवाजे उघडायला गेलेले कर्मचारी कसेबसे बचावतात.

४ ऑक्टोबर, रात्री १:३० : धरणाच्या खालच्या अंगाला, सांकलांगला, केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीत पाणी आजवरच्या कमाल पूरपातळीच्या १९ मीटर वर. त्याच रात्री दिक्चूला तीस्ता-५ च्या धरणावरूनही पाणी जाते. वीजकेंद्र बंद पडते, पण धरणाचा भरीव काँक्रीटचा देह उभा राहतो. नदी तीच, पूर तोच; फरक बांधणीचा. अभियंत्यांनी या दोन धरणांकडे पुन्हा पुन्हा पाहावे.

पहाटेपर्यंत : सिंगतामजवळ बारदांगला उभी असलेली लष्कराची वाहने गाळाखाली जातात, २३ जवान बेपत्ता, त्यांतला एक जिवंत सापडतो. सिंगताम आणि रंगपोत माणसे झोपेतच पाण्यात सापडतात. पूल जातात, सिक्कीमला देशाशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १० ठिकठिकाणी तुटतो, लाचेन-लाचुंगकडचे पर्यटक अडकतात. वाहून गेलेला दारूगोळा पुढे उत्तर बंगालमध्ये काठाला लागतो. बळींची संख्या नंतर ५५ आणि बेपत्ता ७४ अशी नोंदली गेली. सरोवर फुटल्यापासून सिंगतामला पाणी पोहोचेपर्यंत तीनेक तास गेले होते. उताराच्या गल्ल्या चढून वर जायला एवढा वेळ पुरतो. वेळ होता, तो लोकांपर्यंत पोहोचवणारी तार नव्हती. धरणाच्या खर्चाशी तुलना केली तर तिची किंमत नगण्य, हेच मनाला जास्त लागते.

सकाळी ६:०० : इस्रोचा उपग्रह वरून जातो. सरोवर आता ६०.३ हेक्टर.

जानेवारी २०२५ : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची तज्ज्ञ समिती त्याच जागी नव्या धरणाची शिफारस करते. ११८.६४ मीटर उंच, भरीव काँक्रीटचे. सांडव्याची क्षमता सेकंदाला १९,९४६ घनमीटर, म्हणजे जवळपास तिप्पट, आणि या वेळी सरोवर फुटण्याचा पूर हिशेबात धरलेला. बांधणीत झालेला हा बदल योग्यच आहे. मात्र धरणाची उंचीही जवळपास दुप्पट झाली, आणि नव्याने जनसुनावणी न घेताच ही शिफारस झाली. पुन्हा याच धरणाखाली राहायचे का, हे चुंगथांग आणि सिंगतामच्या लोकांना आधी विचारायला हवे होते.