ल्यूपिनो, आयडा

(४ फेब्रुवारी १९१८ – ३ ऑगस्ट १९९५). इंग्लंडात जन्मलेली अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री, पटकथालेखिका, निर्माती व दिग्दर्शिका. डॉरथी आर्झनर १९४३ मध्ये चित्रपटदिग्दर्शनातून निवृत्त झाल्यानंतर हॉलिवुडात दिग्दर्शकाची खुर्ची स्त्रियांना जवळजवळ पारखी झाली असता, १९४९ ते १९५३ या अल्प अवधीत स्वतःच्या लहानशा संस्थेच्या बळावर जिने सहा चित्रपट सिद्ध केले, ती ही स्त्री. आणि विशेष असे की दिग्दर्शनाची विद्या तिने अभिनयाच्या भरभराटीत नव्हे, तर नोकरीवरून तहकूब झाल्याच्या रिकाम्या दिवसांत संपादन केली.

तिचा जन्म दक्षिण लंडनमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर पोसलेल्या घराण्यात झाला. वडील स्टॅनली ल्यूपिनो हे संगीतिका व प्रहसने गाजविणारे विनोदी नट, तर आई कॉनी एमराल्ड हीही नटीच. तेराव्या वर्षी आयडा लंडनच्या राजनाट्यविद्यालयात दाखल झाली. दिग्दर्शक ॲलन ड्वान याच्या ‘हर फर्स्ट अफेअर’ (१९३२) या चित्रपटातील नायिकेच्या भूमिकेसाठी आई चाचणीस गेली आणि भूमिका मिळाली ती बरोबर आलेल्या मुलीला, ही हकीकत नाटकवाल्यांच्या घरात कौतुकाने सांगितली गेली असेल की मौनाने गिळली गेली असेल, याचा निर्णय वाचकाने करावा.

पॅरामाउंट कंपनीने १९३३ मध्ये ‘ॲलिस इन वंडरलँड’साठी तिला अमेरिकेत नेले, ॲलिसची भूमिका मात्र दुसरीस दिली आणि हिच्या वाट्यास केस सोनेरी करून हसत उभे राहण्याची कामे आली. १९३४ मध्ये तिला पोलिओने गाठले. या आजारातून ती बरी झाली, परंतु शरीर उद्या साथ देईल याची शाश्वती नाही, तेव्हा शरीरावाचून चालणारेही काही काम हाती असावे, हा विचार तेव्हापासून तिच्या मनात रुजला. ती लेखन करू लागली, संगीतरचनाही करू लागली. अभिनेत्री म्हणून तिचे भाग्य उजळले ते ‘द लाइट दॅट फेल्ड’ने (१९३९). किपलिंगच्या कादंबरीवरील या चित्रपटात आंधळा होत चाललेल्या चित्रकाराने रंगविलेले चित्र विद्रूप करणारी उर्मट मुलगी रंगविण्यासाठी ती दिग्दर्शक विल्यम वेलमन याच्या कचेरीत आगंतुकपणे शिरली आणि आपली चाचणी घ्यावी म्हणून हटून बसली. पुढे वॉर्नर बंधूंच्या कंपनीत ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ (१९४०), ‘हाय सिएरा’ (१९४१), ‘द सी वुल्फ’ (१९४१) असे चित्रपट लागोपाठ आले. ‘हाय सिएरा’च्या श्रेयनामावलीत तर हंफ्री बोगार्टच्याही वर तिचे नाव झळकले. ‘द हार्ड वे’ (१९४३) मधील, धाकट्या बहिणीच्या यशासाठी निर्दय होणाऱ्या थोरलीच्या भूमिकेबद्दल न्यूयॉर्कच्या चित्रपटसमीक्षकांनी तिला त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरविले. इतके असूनही आघाडीची नटी बेट डेव्हिस हिने नाकारलेल्या भूमिका आपल्याकडे येतात, हे ती पुरते ओळखून होती, आणि स्वतःला गरिबांची बेट डेव्हिस म्हणवून घेण्यात तिला संकोच वाटत नसे.

त्या काळच्या स्टुडिओंच्या करारनाम्यात एक कलम असे. नटाने दिलेली भूमिका नाकारली की त्याचा पगार बंद करून त्याला कामावरून तहकूब करावयाचे, आणि तहकुबीचे दिवस कराराच्या मुदतीच्या शेवटास जोडावयाचे. म्हणजे जो अधिक स्वाभिमानी, त्याची ताबेदारी अधिक लांब. (अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडने वॉर्नर कंपनीविरुद्ध दावा लावला तेव्हा, १९४४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने ही मुदतवाढ बेकायदा ठरविली.) ल्यूपिनोने भूमिका वारंवार नाकारल्या आणि ती वारंवार तहकूब झाली. परंतु रुसून घरी बसण्याऐवजी ती इतरांच्या चित्रीकरणस्थळी जाऊन उभी राहू लागली. छायालेखक दिवा कोठे ठेवतो, संकलक कोणता तुकडा कापतो आणि का कापतो, हे तिने तंत्रज्ञांना विचारून विचारून जाणून घेतले. १९४७ मध्ये तिने वॉर्नरची नोकरी सोडली आणि पुढील वर्षी पटकथालेखक व निर्माता कॉलियर यंग याच्याशी विवाह केला. हा तिचा दुसरा विवाह; पहिला नट लुई हेवर्डशी, तिसरा नट हॉवर्ड डफशी झाला, आणि तिन्हींची अखेर घटस्फोटात झाली.

यंग व अन्सन बाँड यांच्यासमवेत काढलेल्या एमराल्ड प्रॉडक्शन्सचा ‘नॉट वाँटेड’ (१९४९) हा चित्रपट अविवाहित मातेविषयी होता. दिग्दर्शनास एल्मर क्लिफ्टन या मूकपटांच्या जमान्यातील वृद्ध दिग्दर्शकाची नेमणूक झाली होती. परंतु चित्रीकरण सुरू होते न होते तोच त्याला हृदयविकाराचा झटका आला. दुसरा दिग्दर्शक आणण्याइतका पैसा संस्थेच्या तिजोरीत नव्हता, सबब सहलेखिका व सहनिर्माती असलेल्या ल्यूपिनोनेच कारभार हाती घेतला. प्रारंभीच्या प्रसंगात भांबावलेली एक तरुणी रस्त्यातील बाबागाडीतून परके मूल उचलून चालू लागते, आणि कॅमेरा तिला दोषही देत नाही की तिची कीवही करीत नाही, केवळ तिच्याबरोबर चालतो. पहिल्याच कामात साधलेला हा संयम पाहता तहकुबीचे दिवस वाया गेले नव्हते, असे म्हणावे लागते.

यानंतर यंग व ल्यूपिनो यांनी ‘द फिल्ममेकर्स’ ही संस्था स्थापिली. अल्प भांडवल, अपरिचित नटनटी, स्टुडिओतील खर्चिक देखाव्यांऐवजी खऱ्या इमारती व खरे रस्ते, आणि मोठ्या कंपन्या ज्यांना हात लावीत नाहीत असे विषय, हा संस्थेचा परिपाठ. ‘नेव्हर फिअर’ (१९४९) मध्ये पोलिओ झालेल्या नर्तकीची कथा असून तिचे चित्रण सँटा मोनिका येथील खऱ्या पुनर्वसनसंस्थेत, तेथील खऱ्या रुग्णांसह झाले. चाकांच्या खुर्च्यांवर बसून स्त्रीपुरुष समूहनृत्य करतात, हा त्यातील प्रसंग अंगावर काटा आणतो, तो करुणेमुळे नव्हे, तर त्या नृत्यातील शिस्तीमुळे.

‘आउटरेज’ (१९५०) चा विषय बलात्कार हा होता. मात्र अमेरिकन चित्रपटांची तत्कालीन आचारसंहिता इतकी कडक की तो शब्द संपूर्ण चित्रपटात कोठेही उच्चारता आला नाही. या अडचणीचे ल्यूपिनोने काय केले ते पाहण्यासारखे आहे. कचेरीतून उशिरा निघालेली तरुणी निर्मनुष्य गल्ल्यांतून चालली आहे. मागून पुरुषाची पावले आणि शीळ. ती धावते, लपते, मालमोटारीचा भोंगा वाजवून मदत मागते, आणि भोंगा वाजतच राहतो. शेवटी ती कोसळते तेव्हा कॅमेरा हळूहळू वर चढतो, वरच्या मजल्यावर एक माणूस खिडकीशी येतो, बाहेर पाहतो, आणि खिडकी लावून घेतो. जे दाखविण्यास बंदी होती ते न दाखविता, शेजाऱ्यांचा त्यातील वाटा तिने दाखविला. चित्रपटाचा उत्तरार्ध, ज्यात एका सहृदय धर्मोपदेशकाच्या सहवासात नायिकेस शांती लाभते, तो मात्र प्रवचनाच्या अंगाने गेला आहे. ‘हार्ड, फास्ट अँड ब्यूटिफुल’ (१९५१) हा टेनिसपटू मुलगी व तिची महत्त्वाकांक्षी आई यांवरील चित्रपट ‘द हार्ड वे’ची आठवण देतो, याहून त्याविषयी अधिक सांगण्याचे प्रयोजन नाही.

तिची सर्वश्रेष्ठ कृती ‘द हिच-हायकर’ (१९५३) ही होय. बिली कुक नामक खुन्याने मोटारींतून वाटसरू म्हणून चढून केलेल्या हत्यांवर ती आधारलेली असून, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच डिसेंबर १९५२ मध्ये कुक यास सॅन क्वेंटिन तुरुंगात देहदंड झाला होता. मासेमारीस निघालेले दोन मित्र एका वाटसरूला गाडीत घेतात आणि त्याच्या पिस्तुलाच्या धाकाने मेक्सिकोच्या ओसाड वाळवंटातून दिवसचे दिवस गाडी हाकतात, एवढेच कथानक. खुन्याच्या एका डोळ्याची पापणी मिटत नाही. त्यामुळे रात्री शेकोटीपाशी तो झोपला आहे की पाहतो आहे, हे बंदिवानांना कळत नाही, प्रेक्षकांनाही कळत नाही, आणि पळून जाण्याची संधी डोळ्यांसमोर असून ती संधी आहे की नाही हेच ठरत नाही. निकोलस मुसुराका या छायालेखकाने हे भय काळोख्या गल्ल्यांऐवजी रखरखीत उन्हात उभे केले. स्त्रियांचे प्रश्न हाताळणारी म्हणून ओळखल्या गेलेल्या या दिग्दर्शिकेच्या उत्तम चित्रपटात स्त्रीची महत्त्वाची भूमिका एकही नाही. पुरुषांची मर्दुमकी पिस्तुलासमोर कशी उतरते, हेच तिला त्यात पाहावयाचे होते.

‘द बिगॅमिस्ट’ (१९५३) मध्ये दोन घरे मांडून बसलेल्या फिरत्या विक्रेत्याच्या दुसऱ्या पत्नीची भूमिका ल्यूपिनोने स्वतःच केली, आणि पहिलीची जोन फाँटेन हिने. कॉलियर यंगचा ल्यूपिनोशी १९५१ मध्ये घटस्फोट झाला होता व त्याने फाँटेनशी विवाह केला होता. म्हणजे पटकथा व निर्मिती यंगची, आणि पडद्यावरच्या दोन्ही पत्नी त्याच्याच, एक माजी, एक विद्यमान. एवढी सामग्री असूनही चित्रपट सवंग झाला नाही. न्यायालयातील शेवटच्या प्रसंगी दोन्ही स्त्रिया एकमेकींकडे पाहतात, त्या दृष्टीत वैर नाही. मात्र पूर्वीचे काही चित्रपट हॉवर्ड ह्यूझच्या आरकेओ कंपनीमार्फत वितरित होत असता, या खेपेस संस्थेने वितरणही आपणच करावयाचे ठरविले, आणि तो हिशेब चुकला. चित्रपटगृहांशी रोजचा व्यवहार करण्याची यंत्रणा नसलेल्या या संस्थेचा कारभार १९५५ च्या सुमारास आटोपला.



पुढील काळात ल्यूपिनोने दूरचित्रवाणीसाठी विपुल दिग्दर्शन केले. ‘ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या मूळ पर्वांतील ‘द मास्क्स’ (१९६४) हा भाग तिचा, आणि त्या पर्वांत दिग्दर्शन करणारी ती एकमेव स्त्री. अमेरिकन दिग्दर्शकसंघात आर्झनरनंतर प्रवेश मिळालेली ती दुसरी स्त्री असल्याने संघाच्या सभांचे संबोधन पुरुषांपुरते न राहता त्यात तिचे नाव वेगळे जोडावे लागे. चित्रीकरणस्थळी तिच्या खुर्चीच्या पाठीवर ‘मदर ऑफ अस ऑल’ अशी अक्षरे होती. पुरुष तंत्रज्ञांना हुकूम न सोडता घरातल्या आईसारखे लाडीगोडीने वागविणे हे तिचे धोरण होते, आणि पुढच्या पिढीतील काही अभ्यासकांनी या धोरणाबद्दल तिला दूषणही दिले. परंतु ज्या खुर्चीवर बसण्याची परवानगी दरवेळी नव्याने मिळवावी लागते, तिच्यावर बसून हुकूमशाही चालत नाही. ‘द ट्रबल विथ एंजल्स’ (१९६६) हा मुलींच्या कॉन्व्हेंटशाळेवरील विनोदी चित्रपट हे तिचे चित्रपटगृहांसाठी केलेले अखेरचे दिग्दर्शन. नटी म्हणून सॅम पेकिनपाच्या ‘ज्यूनिअर बॉनर’ (१९७२) मध्ये तिने केलेली वयस्क आईची भूमिका उल्लेखनीय आहे.

लॉस अँजेलिस येथे तिचे निधन झाले. ‘द हिच-हायकर’चा समावेश १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणीपटात करण्यात आला. ‘नॉट वाँटेड’च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून आजही एल्मर क्लिफ्टन याचेच नाव आहे, तो चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही महिन्यांतच वारला, आणि आपले नाव तेथे घालावे अशी मागणी ल्यूपिनोने केली नव्हती.