रुंदपट छपाईयंत्र : किनारी कोकणातील निवड

रुंदपट छपाईयंत्र : साधारण दोन फुटांपेक्षा रुंद रोलवर शाईचे सूक्ष्म थेंब उडवून छापणारे इंकजेट यंत्र. बोलीत ‘फ्लेक्स मशीन’. रत्नागिरीत त्यावरची कामे ठरलेली : गणपतीत चाकरमान्यांच्या स्वागताचे फलक, शिमगा, नाटक, वाढदिवस, हापूसचे स्टॉल, निवडणूक. यांपैकी बहुतेक गिऱ्हाइकांना फलक दुसऱ्या दिवशी सकाळी हवा असतो. त्यामुळे येथे यंत्राचा वेग दुय्यम आणि ते बंद न पडणे मुख्य ठरते.

पूर्वपीठिका : पेंटरांनी रंगवलेले कापडी फलक.

रुंदी : १० फुटी (३.२ मीटर) यंत्र फ्लेक्ससाठी (पीव्हीसीचा फलकपट), ६ फुटी (१.८ मीटर) मुख्यतः चिकट विनाईलसाठी. १० × २० फुटांचा फलक १० फुटीवर एकसंध निघतो. ६ फुटीवर दोन पट्टे छापून जोड द्यावा लागतो आणि जोड नेमका नेत्याच्या चेहऱ्यावर आला की गिऱ्हाईक तुटते. यंत्राची स्वतःची लांबी छपाईच्या रुंदीपेक्षा चार-पाच फूट जास्त असते. जुन्या चिरेबंदी गाळ्याचे दार आधी मोजावे.

शाई : सॉल्व्हेंट शाई स्वस्त आणि उन्हापावसात टिकाऊ, पण उग्र वासाची. इको-सॉल्व्हेंटचा वास सौम्य आणि रेघ बारीक. ती निरुपद्रवी असल्याचा दावा मात्र सर्वमान्य नाही. यूव्ही शाई दिव्याखाली तत्काळ घट्ट होते, त्यामुळे दमट हवेत ती सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. घडी पडल्यास तडकू शकते. लेटेक्स शाई पाण्याच्या आधाराची. उष्णतेने पक्की होत असल्याने वीज जास्त खाते.

हेड : शाईचे थेंब उडवणारा, यंत्रातील सर्वांत नाजूक व महाग भाग. फ्लेक्सच्या यंत्रांत कोनिका मिनोल्टाचे ५१२आय (थेंब ३० पिकोलिटर), तर इको-सॉल्व्हेंटमध्ये एप्सनचे डीएक्स५, आय३२०० इत्यादी रूढ आहेत. थेंब मोठा तर वेग जास्त. रस्त्यापलीकडून पाहायच्या फलकाला तो पुरतो, दुकानातल्या मेनूकार्डाला पुरत नाही. माहितीपत्रकातला वेग बहुधा दोन पासचा (एकाच जागेवरून हेडच्या दोन फेऱ्या) असतो. चांगले काम चार पासवर काढायचे तर तो निम्म्यावर येतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी आपलीच फाइल आपल्या पासवर छापून घ्यावी. हेडचे नोझल (शाईचे छिद्र) बुजले की छपाईत आडव्या पांढऱ्या रेघा येतात. काम नसले तरी रोज थोडी छपाई व सफाई हवी. पितृपक्षाच्या मंदीत यंत्र झाकून ठेवणारे नवरात्राच्या तोंडावर हेड धुवत बसतात.

हवा, वीज, माती : रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबरात. हवा दमट असली की सॉल्व्हेंट शाई उशिरा सुकते, ओला रोल गुंडाळल्यास चिकटतो, विनाईलमागचा कागद ओल धरून लाटा काढतो. एसी हवा तर खोली बंद हवी आणि शाईच्या वाफा बाहेर काढायच्या तर एक्झॉस्ट हवा. हा पेच यंत्र विकणारा क्वचितच सांगतो. खाऱ्या वाऱ्याने रेल गंजते. हेडची जागा सांगणाऱ्या एन्कोडर पट्टीवर धूळ-शाईची पुटे चढली की अक्षरे सरकतात. जांभ्याच्या जमिनीत वीज सहज मुरत नाही. अर्थिंगचा खड्डा खोल, कोळसा-मीठ भरलेला आणि मे महिन्यातही ओला राखलेला असावा. अर्थिंग कच्चे असताना हेडचा बोर्ड जळतो आणि खापर यंत्रावर फुटते.

दुरुस्ती : तंत्रज्ञ बहुधा मुंबई, पुणे किंवा कोल्हापुराहून येतो. पावसात दरड कोसळून आंबा घाट बंद पडला की कोल्हापूरचा माणूस अडकतो. म्हणून गावात दुसऱ्या कोणाकडे असलेलेच मॉडेल घेण्याकडे कल असतो. मग डॅम्पर, पंप, फिल्टर उसने मिळतात. चिनी की जपानी यंत्र, याबाबत मतभेद आहेत. जुने यंत्र घेताना त्याचे हेड कोणत्या शाईवर चालले हे कळल्याशिवाय सौदा करू नये.

अक्षरे : अनेक मजकूर अजून श्रीलिपी फॉन्टमध्ये येतात. फॉन्ट ‘कर्व्ह’ न करता (अक्षरांचे आकृतीत रूपांतर न करता) फाइल दिल्यास जोडाक्षरे फुटतात.

कायदा : महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना फलक लावण्यास १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमाने मनाई आहे. १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांवर बंदी आहे. व्यापारात मात्र फ्लेक्स जाडीने नव्हे तर दर चौरस मीटरच्या ग्रॅमवर विकला जातो, म्हणून पुरवठादाराकडून जाडी लेखी घ्यावी. निवडणुकीच्या पत्रकांवर व भित्तिपत्रकांवर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे.

आयलेट, चौकट, लॅमिनेशन : इको-सॉल्व्हेंट छपाई लॅमिनेशनआधी दिवसभर उघडी ठेवतात. बाकीचे बाहेरून करून घेतात.