वकिलीचे तीन दरवाजे

मागच्या पावसाळ्यात रिसोड तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे वाशीमला आले. मुलगी बारावीत. सोयाबीनचा फेर संपवून, बसने, दोघेही भिजत आलेले. चहा होईपर्यंत वडील गप्प होते; मग म्हणाले, "सर, पोरीले वकील व्हाचं हाय. आता कोनता फारम भराचा ते तुमीच सांगा." मुलीचा प्रश्न मात्र निराळाच होता. ती म्हणाली, "सर, वकिली शिकायच्या आधीच वकिलीची परीक्षा का घेतात?"

मी इतिहासाचा मास्तर. कायद्याचा नव्हे. पण प्रश्न असा होता की त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. ते जसे सापडले तसे वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, आपल्याकडे वकिलीची परीक्षा पूर्वी आरंभी नसे, शेवटी असे. १८७९च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टने प्लीडर, मुखत्यार, रेव्हेन्यू एजंट अशी उतरंड घालून दिली होती. त्यांच्यावर हायकोर्टाचे वकील, आणि सर्वांच्या डोक्यावर विलायतेहून आलेले बॅरिस्टर. ज्याने जी परीक्षा दिली त्याने त्या पायरीवर बसावे. कायदा कुठे शिकलात, कसा शिकलात याची चौकशी खालच्या पायऱ्यांवर फारशी होत नसे. टिळकांचेच पाहा ना. १८७९ साली ते एल्‌एल्‌. बी. झाले, पण कोर्टात उभे राहण्याऐवजी शाळा-कॉलेज काढण्यात पडले; आणि १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी पुण्यात जो लॉ क्लास चालविला, तो या वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठीच. म्हणजे 'कोचिंग क्लास' ही काही आजचीच टूम नाही, बरे का!

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. येथली स्थिती मोठी चमत्कारिक होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला, परंतु मालकी आपलीच ठेवली. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा एखादा कायदा झाला तरी तो आपोआप वाशीमला लागू होत नसे. तो वऱ्हाडला लागू केल्याचा वेगळा हुकूम काढावा लागे. राज्य इंग्रजांचे, मुलूख निजामाचा आणि फिर्यादी मात्र आपला कुणबी! अशा ठिकाणी वकिलाचे महत्त्व किती वाढत असेल याची कल्पना करा. त्या काळी आपले बासीम हा वऱ्हाडातला एक स्वतंत्र जिल्हाच होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

वऱ्हाडातले नामांकित वकील त्या वेळी अमरावतीला. १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले रघुनाथ नरसिंह मुधोळकर तिथलेच. दादासाहेब खापर्डे १८८४ साली मुंबई विद्यापीठाचे एल्‌एल्‌. बी. झाले, काही वर्षे सरकारी नोकरी करून पुढे अमरावतीसच वकिलीत स्थिरावले. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले, १९२५ साली त्याचे लॉ कॉलेज सुरू झाले आणि मुंबईची वाट थोडी जवळ आली. १९३६ साली नागपुरास हायकोर्टही झाले. तरीही कायदा शिकायला जायचे म्हणजे घरी जमीन किंवा सावकार, दोहोंपैकी एक हवाच, ही स्थिती काही पालटली नाही.

पण परीक्षा पास झाले की दार उघडते, ही समजूत त्या काळीही खरी नव्हती. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्या मुलीला मी जी गोष्ट सांगितली ती हीच.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालचा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. पदवी परीक्षेत त्यांचा क्रमांक इतका वरचा होता की विलायतेच्या शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क पोचत होता. पण त्या स्त्री, म्हणून ती मिळाली नाही. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची बी. सी. एल्‌. परीक्षा १८९२ साली दिली; ती देता यावी म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, पण पदवी नाही. ऑक्सफर्ड त्या वेळी स्त्रियांना पदवीच देत नसे. परत आल्या. १८९७ साली मुंबईची एल्‌एल्‌. बी. झाल्या. तेवढ्याने भागेना म्हणून १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षा दिली. तीही पास. मग सनद? नाही! अलाहाबाद हायकोर्टाने त्यांचे नाव वकिलांच्या यादीत घातले ते १९२१ साली. तीन परीक्षा आणि बावीस वर्षांची वाट. मधल्या काळात १९१६ साली कलकत्त्याच्या व १९२१ साली पाटण्याच्या हायकोर्टाने, 'कायद्यातल्या "व्यक्ती" या शब्दात स्त्री येत नाही' अशा अर्थाचे निवाडे देऊन दोघा बायकांना परत पाठवले होते. १९२३चा स्त्री-वकिलांचा कायदा झाला तेव्हा कुठे हा घोळ मिटला.

मुलगी हे ऐकताना काही बोलली नाही. वडील मात्र म्हणाले, "बावीस वर्स!"

आणि दार अडवणारी गोष्ट प्रत्येकाला वेगळी भेटे. सावरकर ग्रेज इनची परीक्षा उत्तीर्ण झाले, पण १९०९ साली त्यांच्या राजकारणामुळे त्यांना बॅरिस्टर म्हणून घेण्याचे नाकारण्यात आले. डॉ. आंबेडकर त्याच ग्रेज इनमधून १९२२ साली बॅरिस्टर झाले. परत आल्यावर सनदेचे पैसे भरायला त्यांच्याजवळ रक्कम नव्हती. नवल भथेना या पारशी मित्राने ती दिली तेव्हा १९२३च्या जुलैत त्यांची वकिली सुरू झाली. पुढे १९३५ साली तेच मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

स्वातंत्र्यानंतर १९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने ती जुनी उतरंड पाडून टाकली. प्लीडर नाही, मुखत्यार नाही; सगळे अॅडव्होकेट. हा कायदा मला फार मोठा वाटतो. त्यानंतर दोनेक पिढ्या अशा गेल्या की बी. ए. व्हावे, लॉ कॉलेजात नाव घालावे, नोकरी करता करता शिकावे आणि सनद घ्यावी. वाशीमच्या बाररूममध्ये आज जी पांढऱ्या केसांची मंडळी बसतात, त्यांतल्या अनेकांची वाट हीच. त्यात गळतीही होती आणि ढिलाईही होती, हे कबूल केले पाहिजे.

मग परीक्षा आरंभी कशी आली? ही कल्पना मूळ अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लॉ स्कूलांत अर्जांची गर्दी झाली. निरनिराळ्या कॉलेजांचे गुण एका मापाने मोजावेत कसे, या विवंचनेतून १९४८च्या फेब्रुवारीत तिथे पहिली सामाईक चाचणी झाली. कायद्याचे ज्ञान तीत तपासत नाहीत; वाचलेले समजते का आणि समजलेल्यावरून नीट अनुमान काढता येते का, एवढेच पाहतात. आपल्याकडे बंगलोरला राष्ट्रीय विधी विद्यालय निघाले, पाच वर्षांचा अभ्यासक्रम रुळला, अशी विद्यापीठे वाढली आणि प्रत्येकाची परीक्षा निराळी! एकाच महिन्यात मुलांनी देशभर धावावे. हे प्रकरण २००६ साली सुप्रीम कोर्टात गेले, आणि २००८ साली 'क्लॅट' ही एकच परीक्षा आली. २०२० साली बंगलोरने स्वतःची वेगळी परीक्षा घेऊन पाहिली, ती सुप्रीम कोर्टाने रद्द केली. नागपूरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमधूनच मुले घेते. महाराष्ट्रातल्या इतर लॉ कॉलेजांसाठी राज्याची सीईटी २०१६ पासून आहे. शिवाय पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती २०११ साली पहिल्यांदा झाली. म्हणजे पूर्वी दार एक होते, शेवटी. आता आरंभी एक, मध्ये पाच वर्षांची पदवी, आणि शेवटी पुन्हा एक.

तर मी त्यांना सांगितले ते असे. दोन्ही फॉर्म भरा. सीईटी मराठीतूनही देता येते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. क्लॅट फक्त इंग्रजीत. दोन तास, १२० प्रश्न, आणि चुकले की पाव गुण जातो. तिथे लांबच लांब उतारे असतात; नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो आपल्याला पटो न पटो, त्यालाच धरून उत्तर द्यायचे. गावात पंचायतीपुढे भांडण मिटताना मुलगी जे ऐकते, तेच हे काम. फरक भाषेचा आणि घड्याळाचा. त्यासाठी महागड्या क्लासपेक्षा रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचून त्याचा मथितार्थ चार ओळींत मराठीत लिहावा, असे मला वाटते. आणि जातपडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, रहिवासी ही कागदपत्रे आजच काढायला टाकावीत. परीक्षेत उत्तम गुण मिळवून प्रमाणपत्रावाचून जागा गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

वडिलांनी फी विचारली. १ डिसेंबर २०२४च्या क्लॅटला सर्वसाधारण उमेदवाराची फी ४,००० रुपये होती. ते ऐकून ते उठून ओसरीत गेले.

मला खरी खंत वाटते ती इथे. राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना निघाली तीही १९९८च्या जुलैत, आपला जिल्हा झाला त्याच महिन्यात. ज्या कोर्टात ही मुलगी उद्या उभी राहील तिथे साक्ष मराठीत होणार, अर्ज मराठीत होणार; आणि मोठ्या विद्यापीठाच्या दारावरची चाचणी मात्र मराठीचा एक शब्दही विचारीत नाही. हायकोर्टात इंग्रजी लागते हे खरे. ते पाच वर्षांत शिकवता येणार नाही, असे कुणी म्हणेल काय?

वडील परत आले ते हिशेब करूनच. "फी भरू," म्हणाले, "तूर निघाल्यावर भागवू कुठूनतरी." मी सांगितले की फॉर्मची मुदत तुरीच्या आधी संपते. ते हसले. मुलीने तोवर माझ्या टेबलावरचे इंग्रजी वर्तमानपत्र उचलले होते, आणि पहिल्याच वाक्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून ती माझ्याकडे पाहत होती.