निशाण, दिवा आणि आरंभाचा क्षण

देहूचें नांव घेतलें कीं इंद्रायणीचा डोह आणि ज्येष्ठांत निघणारी तुकोबांची पालखी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु याच गांवाभोवतालच्या मुलखास वेगाचें वेडही जुनें आहे, ही गोष्ट आम्हां शहरी सुशिक्षितांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. मावळ, खेड, हवेली या तालुक्यांत गांवच्या यात्रेला बैलगाड्यांची शर्यत लागते. आणि त्याच मुलखांत, चाकण व पिंपरी येथें, आज मोटारी आणि दुचाक्या तयार होतात. बैलाचा वेग व यंत्राचा वेग असे शेजारीं नांदत असतां, शर्यत सुरू कशी करावी या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. शर्यतीचा शेवट सर्वांनाच दिसतो. भांडण होतें तें बहुधा आरंभावरून.

पुणे जिल्ह्यांत बैलगाड्याच्या शर्यतीच्या धांवेस घाट म्हणतात. येथें गाडे एकमेकांशेजारीं धांवत नाहींत. प्रत्येक गाड्याची बारी निराळी. पुढें घोडेस्वार, मागें बैल, आणि गाड्यावर सारथी नाहीं. सारा मामला दहा-पंधरा सेकंदांचा, आणि ज्याला सेकंद कमी लागले तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे रीत वेगळी. तेथें सपाट मैदानावर अनेक गाडे एकाच वेळीं सोडतात, गाड्यावर हांकणारा असतो, आणि झेंडापंचाचें निशाण पडलें कीं सर्वांनीं निघावयाचें. एके ठिकाणीं स्पर्धा घड्याळाशीं, दुसऱ्या ठिकाणीं शेजाऱ्याशीं. पहिल्या रीतींत निघावयास उशीर झाला तर तो गाड्याच्या माथीं येत नाहीं, कारण गाडा रेषा ओलांडील तेव्हां मोजणी सुरू करतां येते. दुसरींत मात्र तो उशीर हाच पराभव ठरूं शकतो.

परंतु घड्याळ तरी कोण चालवितो? हातांतल्या घड्याळाची कळ माणूस दाबतो. आणि डोळ्यानें पाहणें व बोटानें दाबणें यांच्यामध्यें कांहीं काळ जातोच. हें सत्य शास्त्रज्ञांस कळलें तें एका गरीब मदतनिसाची नोकरी गेल्यामुळें. ग्रीनिचच्या वेधशाळेंत मॅस्केलिन हे मुख्य ज्योतिषी असतां, १७९५ सालीं त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं त्यांचा मदतनीस किनेब्रूक हा तारा दुर्बिणींतील तारेवरून गेल्याची वेळ आपल्याहून उशिरा नोंदवितो. बजावून सांगितलें, तरी अंतर वाढतच गेलें; तें एका सेकंदाच्या आठ-दशांशांवर गेलें तेव्हां, १७९६ सालीं, किनेब्रूकला निरोप मिळाला. पुढें सुमारें पंचवीस वर्षांनीं कोनिग्जबर्गच्या बेसेलनें इतर निरीक्षकांशीं स्वतःचे वेध ताडून पाहिले, आणि नामांकित ज्योतिष्यांतही असेंच अंतर पडतें असें त्यास आढळलें. किनेब्रूकचा अपराध हा केवळ माणूस असण्याचा अपराध होता. परंतु गेलेली नोकरी बेसेलच्या शोधानें परत कशी यावी? १८५० सालीं हेल्महोल्ट्झनें बेडकाच्या मज्जातंतूंतून संदेश दर सेकंदास पंचवीस-तीस मीटर एवढ्याच वेगानें जातो हें मोजून दाखविलें, आणि १८६८ सालीं हॉलंडांतील डोंडर्सनें, एका खुणेस एकच उत्तर द्यावयाचें असेल त्यापेक्षां दोहोंतून निवड करावयाची असतां वेळ अधिक लागतो, हें सिद्ध केलें. सामान्य निरोगी तरुणास दिवा पाहून बोट हलविण्यास सेकंदाचा सुमारें पंचमांश लागतो. आवाज ऐकून थोडा कमी.

हा पंचमांश सेकंद कोणाच्या खात्यावर मांडावा, याचा विचार अमेरिकेंतील हौशी मोटारवाल्यांनीं जितक्या बारकाईनें केला तितका क्वचितच कोणीं केला असेल. दोन मोटारी सरळ रस्त्यावर शेजारीं उभ्या करून पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, धांवडावयाच्या, अशी ही ड्रॅग शर्यत. १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील सांता आना येथें विमानाच्या धांवपट्टीवर ती रीतसर भरूं लागली आणि १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था निघाली. प्रथम येथेंही निशाणवालाच होता. कसलेला मोटारस्वार निशाणाकडे न पाहतां निशाणवाल्याच्या दंडाकडे पाही. दंड ताठला कीं हा सुटला! म्हणून १९६३ सालीं दिव्यांचा खांब आला. रंगीत दिव्यांच्या उभ्या ओळीमुळें लोक त्यास नाताळचें झाड म्हणूं लागले. आज हौशी लोकांसाठीं तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानें एकामागून एक लागतात आणि मग हिरवा. धंदेवाईकांसाठीं तिन्ही एकदम लागून चार-दशांश सेकंदानें हिरवा. हिरव्यापूर्वीं निघाला त्यास तांबडा, आणि तो बाद. त्यामुळें हिरव्याची वाट पाहणारा नवखा मागें राहतो. जाणता शेवटच्या पिवळ्यावरच पाय हलवितो.

येथें एक मौज आहे. मोटारीचें पुढलें चाक आरंभरेषेवरील प्रकाशकिरण अडवून उभें असतें. हिरवा लागल्यापासून चाक किरणांतून सुटेपर्यंतचा काळ एका घड्याळांत, आणि सुटल्यापासून शेवटपर्यंतचा दुसऱ्यांत. समजा, एकाची मोटार १२.०० सेकंदांत धांवली पण तो ०.२० सेकंद उशिरा निघाला, दुसऱ्याची १२.१० सेकंदांत, पण उशीर ०.०५ चाच. दुसरा जिंकला, अडीचेक मीटरांनीं, अधिक सावकाश मोटार घेऊन! घाटावर हा निकाल उलटा लागला असता. हौशी लोकांनीं तर याहून पुढें जाऊन, ज्यानें त्यानें आपल्या मोटारीचा वेळ आधीं सांगावा, संथ मोटारीस तेवढें आधीं सोडावें, आणि सांगितल्याहून जलद धांवेल तो हरला, असा नियम केला. त्यांत श्रीमंताच्या यंत्राचा तोरा उतरतो, म्हणून आम्हांस तो फार आवडला. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर २०१० नंतरच्या दशकांत अशा ड्रॅग शर्यती झाल्या. मोकळ्या हमरस्त्यावर रात्रीं जो प्रकार चालतो त्यास मात्र शर्यत म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तेथें समोरून येणाऱ्यास कोणीं विचारलेलें नसतें.

विचारलें नसतें ही गोष्ट बैलालाही लागू आहे. दिव्याचा अर्थ मोटारस्वारास ठाऊक असतो आणि त्याचा धोका त्यानें पत्करलेला असतो. बैलाला "आतां निघ" हें कळवावयाचें तें आरोळीनें किंवा अंगाला हात लावून, आणि पराण्या व काठ्या निघतात त्या बहुधा याच क्षणीं. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या त्या पशूंच्या अशाच छळावरून. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तो कायदा कायम केला. नियमांप्रमाणें धांव १००० मीटरांहून लांब नसावी, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांस मनाई आहे. परवानगीनंतर, २०२२ च्या मे महिन्यांत देहूपासून जवळच चिखलीच्या जाधववाडींत मोठ्या बक्षिसांची शर्यत भरली.

घाटांवर आतां विजेचीं घड्याळें आलीं, आणि सेकंदाच्या शतांशावर क्रम लागूं लागला. घोडेस्वार, पंच, गाडामालक, कोणाच्याही बोटाच्या मंदपणाचा दोष आतां कोणावर येणार नाहीं, हें चांगलेंच झालें. परंतु रेषेच्या अलीकडचीं चार पावलें, जेथें बैल जुंपले जातात आणि सोडले जातात, तीं कोणत्याही घड्याळांत येत नाहींत. बक्षिसांच्या यादीवर जेवढा विचार होतो तेवढाच यात्रा-कमिट्यांनीं त्या चार पावलांवर करावा, आणि तेथें एक चांगला, कोणाच्या भिडेस न पडणारा पंच उभा करावा, असें आम्हांस वाटतें.