दवाखाना आणि गावकूस

ज्या घरांत हे मासिक वाचले जाते, त्या घरांत ‘आमचे डॉक्टर’ हे दोन शब्द नित्य ऐकू येतात. आजोबांचा दमा, सुनेचे बाळंतपण, धाकट्याचा गोवर हे सारे ज्यास तोंडपाठ आहे आणि ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाता येते, असा एक वैद्य असणे आम्हांस हवापाण्याइतके स्वाभाविक वाटते. वस्तुतः ती एक मिरासच होय. ती कोणास मिळाली आणि कोणास नाकारली गेली, याचा इतिहास मात्र आम्ही फारसा चाळीत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकास, इंदापूर तालुक्यात, वरकुटे नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावे आहेत. देशावरील अशा गावांचा जुना गावगाडा वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत वैद्य आढळत नाही; तुंबड्या लावणारा, गळू फोडणारा न्हावी आढळतो. बाळंतपणास सुईण येई, आणि अनेक ठिकाणी ती मांग वा महार समाजाची असे. मूल जन्मताना तिचा हात घरास चाले. घर शुद्ध झाले की तोच हात पुन्हा गावकुसाबाहेरचा होई. म्हणजे तिच्याकडून शुश्रूषा घेताना विटाळ आड येत नसे. तिची शुश्रूषा करण्याची वेळ आली की तो आडवा येई. आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे.

इंग्रजी अमदानीत दवाखाने निघाले. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. परंतु इंदापुराहून ते ऐंशी-नव्वद मैलांवर. पुढे १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईस निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली रुग्णालये काढली आणि पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी एक रुग्णालय चालविले. सरकारी सक्तीने गांजलेल्या लोकांस त्यामुळे धीर आला, हे खरे. पण ज्यांच्या जातीत धनिकच नव्हते, त्यांनी कोठे जावे? याचे एक उत्तर सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर काढलेल्या दवाखान्याने दिले. रोग्यांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाईंस प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या यांच्याबरोबरच दवाखानेही अस्पृश्यांस मोकळे असावेत, असे त्यात म्हटले होते. या ठरावातील पाणवठा सर्वांच्या स्मरणात आहे. कारण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्याच ठरावातील दवाखाना मात्र विस्मरणात गेला. कारण उघड आहे. तळ्यावर समुदायाने जाता येते. आजारी मनुष्य दवाखान्यात एकटाच जातो, आणि अंगात ताप असताना कोणी सत्याग्रह करीत नाही.

१९२९ च्या डिसेंबरात गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले, पुढे डॉ. आंबेडकरांनीही ते आपल्या लेखनात दिले. या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर अत्यवस्थ झाली. डॉक्टर आधी येईनात. रदबदली झाल्यावर आले ते अशा अटीवर की, रोग्यास वस्तीबाहेर आणावे. थर्मामीटर त्यांनी एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच क्रमाने तो परत गेला. निदान झाले, औषधही आले, पण रोग्याच्या अंगास हात लागला नाही. ती बाई दगावली. दवाखान्याचे दार उघडे असणे आणि उपचार मिळणे यांतील अंतर दाखविण्यास याहून निराळा दाखला नको.

भोर समितीने १९४६ साली असे तत्त्व मांडले की, पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांस मुकू नये. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे दंडनीय ठरविले. बोल्यांच्या ठरावानंतर यास बत्तीस वर्षे लागली. पुढे तीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण ठरले. बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले. हे सारे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आजारपणी सामान्यतः सरकारी दवाखान्यात जात नाही असे सांगणारी कुटुंबे देशात निम्म्याच्या जवळपास भरली. लांबचा पल्ला, तिष्ठत बसणे आणि उपचारांविषयी अविश्वास ही त्यांनी दिलेली प्रमुख कारणे. ज्यास परवडते तो खाजगी डॉक्टर धरतो. ज्यास परवडत नाही तो दुखणे अंगावर काढतो, नाही तर कर्ज काढतो.

नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांत ऊस आणला, उसाने कारखाने आणले, आणि कारखान्यांनी दरसाल मराठवाड्याकडून तोडणीच्या टोळ्या आणल्या. त्यांत दलित, वंजारी, बंजारा अशी गरीब कुटुंबे पुष्कळ. आजारी पडून फडावर न गेल्यास ‘खाडा’ अंगावर चढतो. वर्षातील पाच-सहा महिने जे कोपीत राहतात, त्यांचे नाव कोणत्या दवाखान्याच्या वहीत असावे? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. महिन्याच्या महिन्यास दाखवावयास वैद्य नसला की, एकदाच काय ते कापून मोकळे व्हावे, असा या आकड्यांचा अर्थ आम्हांस दिसतो.

गावकूस पडले असे आपण म्हणतो. खरोखर ते जागचे हलले आहे. पूर्वी ते दवाखान्याच्या दाराशी होते; आता ते मजुरीच्या हिशोबात, एस.टी.च्या भाड्यात आणि केसपेपरच्या खिडकीपुढील रांगेत आहे. दार उघडणे कायद्यास साधले. पुन्हा पुन्हा येता येईल अशी वाट पाडणे हे काम अद्याप उरले आहे. वरकुट्यासारख्या गावाच्या शिवारातील कोपीत एखादी मजूर बाई ‘आमचे डॉक्टर’ असे सहज बोलून जाईल, त्या दिवशी बोल्यांचा ठराव खरोखर संमत झाला, असे आम्ही समजू.