यकृद्रोगावरील वनस्पती व वऱ्हाडची साक्ष

लोणार व मेहकर येथील जुन्या दगडी इमारतींस लोक सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. परंतु ज्या हेमाद्रीचें नांव त्यांस चिकटलें, तो अष्टांगहृदयाचा टीकाकारही होता, याची आठवण फार थोड्यांस असते. बुलढाणा जिल्ह्यांत काविळीवर झाडपाला देण्याचा प्रघात पुरातन समजला जातो. त्याच्या प्राचीनत्वास लेखी पुरावा कितपत मिळतो, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यादवराजे महादेव व रामचंद्र यांच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. च्या १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांत, हेमाद्रीनें ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याचा आश्रित बोपदेव हा वऱ्हाडचाच. बोपदेवाचा पिता केशव यानें ‘सिद्धमंत्र’ हा द्रव्यगुणांचा ग्रंथ रचिला व त्यावर पुत्रानें ‘प्रकाश’ नांवाची टीका केली. वातपित्तकफांवरील परिणामांवरून द्रव्यांचे वर्ग पाडणें, हा त्या ग्रंथाचा विषय. यावरून या प्रांतांत द्रव्यविचार शास्त्रीय पायरीस पोंचला होता, इतकें निश्चित. मेहकरच्या कोणत्या बांधावरची कोणती मुळी उपटीत, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं. पंडितांचा ग्रंथ व खेड्यांतील परंपरा हे पुरावे वेगळे ठेवणेंच युक्त.

वनस्पतींचा विचार केला तर हाच भेद स्पष्ट होतो. रसरत्नसमुच्चयांतील आरोग्यवर्धिनींत कुटकी ही बाकीच्या सर्व द्रव्यांइतकी, म्हणजे निम्मी, पडते. परंतु कुटकी हिमालयांतली. ती येथें विकतच आली असली पाहिजे. उलट भुईआवळी, शरपुंखा म्हणजे उन्हाळी, व पुनर्नवा म्हणजे घेटुळी, या आपल्याच शेतांतल्या व पडीक जमिनींतल्या. भुईआवळीचेंही नांव एक नि जाती अनेक. भारतीय ग्रंथांनीं त्या बरीच वर्षें ‘फायलँथस निरुरी’ या एकाच नांवाखालीं घातल्या. वस्तुतः ती अमेरिकेंतील निराळी जात आहे.

औषध हेंच यकृतास बाधतें, ही गोष्टही नवी नव्हे. नीट योजिल्यास विषही औषध होतें व चुकीनें योजिल्यास औषधही विष होतें, असा चरकाचा आशय आहे. आज क्षयावरील आयसोनियाझिड, रिफँपिसिन व पायराझिनामाइड यांनीं कांहीं रुग्णांचें यकृत बिघडतें. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेनेंही तेंच होतें. अशाच औषधांनीं उंदरांचें यकृत बिघडवून त्यांस वनस्पतींचे अर्क देण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें कुटकीपासून ‘पिक्रोलिव्ह’ तयार केलें. परंतु उंदरास गुण आला म्हणून मनुष्यास येईलच, असें अनुमान काढतां येत नाहीं. १९८८ सालीं भुईआवळीच्या एका जातीनें ‘ब’ काविळीचे ३७ पैकीं २२ वाहक विषाणुमुक्त झाल्याचें मद्रासच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. पुढें इतरत्र तसा अनुभव आला नाहीं.

याहून बोलका दाखला गुळवेलीचा. काविळीवर ग्रंथांत सांगितलेली ही वेल महामारीच्या काळांत घरोघरीं घेतली गेली. मुंबईच्या वैद्यांनीं २०२१ सालीं ६ रुग्णांच्या यकृतदाहाची हकीकत प्रसिद्ध केली. वेल दुसऱ्याच जातीची असावी, असा आक्षेप सरकारी आयुष मंत्रालयानें घेतला. परंतु २०२२ सालीं १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अहवाल आला, व तपासलेले नमुने खऱ्या गुळवेलीचेच निघाले. म्हणजे वनस्पतीची ओळख पटवणें आवश्यक, पण तेवढ्यानें भागत नाहीं.

आमचा निष्कर्ष असा: वऱ्हाडची परंपरा जुनी असणें संभवनीय आहे, तथापि जुनेपणा हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. क्षयाचा रुग्ण काविळला तर त्यानें औषध आपल्या मनानें थांबवूं नये व झाडपाल्यावर विसंबूंही नये. प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. संशोधकांनीं मात्र खेडोपाडींचीं नांवें, जिवंत नमुने व वापरण्याची रीत एकत्र नोंदून ठेवावी. केवळ नांवें टिपण्यानें काय घोटाळा होतो, तें भुईआवळीनें दाखविलेंच आहे.